काटा हलत नव्हता तेव्हा

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते आहे. फोंडा-पणजी बसमध्ये, ऑफिसात चहाच्या वेळी, रामनाथीच्या जत्रेत, आणि एकदा तर कुणाच्या बाराव्याला पंगतीत बसलेली असताना मला हा प्रश्न विचारला गेला आहे. "पहिले तीन महिने वजन जवळजवळ उतरलंच नाही म्हणतेस, मग सोडलं कसं नाहीस? एवढं मोटिवेशन आणलंस कुठून?"

विचारणाऱ्यांना काय ऐकायचं असतं ते आता मला कळतं. एखादा निश्चय, एखादी शपथ, आरशासमोर उभी राहून स्वतःला दिलेलं वचन. तसं काही घडलं नाही असं सांगितलं की मी काहीतरी लपवते आहे असं लोकांना वाटतं. हल्ली तर पुढचा प्रश्न ठरलेलाच असतो: "इंजेक्शन घेतलंस?" मार्च 2025 मध्ये वजन उतरवणारं मौंजारो हे इंजेक्शन भारतात आलं, जूनमध्ये तसलंच वेगोव्ही, तेव्हापासून उतरलेल्या प्रत्येक वजनाकडे लोक संशयानं बघायला लागले आहेत. नाही, मी घेतलं नाही. ज्यांना डॉक्टरांनी दिलं आहे त्यांनी जरूर घ्यावं, त्यात लाजण्यासारखं काय आहे? पण माझ्या वाट्याचे ते कंटाळवाणे महिने कुणी इंजेक्शनच्या खात्यावर टाकले की मला राग येतो, आणि तो राग मी लपवणार नाही.

माझं वजन का वाढलं, मी काय खाते, हे विचारणाऱ्यांना बहुतेक ठाऊक आहे. एवढंच सांगते की गेल्या वर्षी जूनमध्ये एचबीएवनसी, म्हणजे रक्तातल्या साखरेची तपासणी, 6.3 आली. 5.7 ते 6.4 म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. आईच्या पायाचं दुखणं मी पाहिलेलं आहे, त्यामुळे आकडा समजावून सांगायची डॉक्टरांना गरज पडली नाही. आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, देशव्यापी पाहणी 2023 मध्ये प्रसिद्ध झाली, तीत मधुमेहाचं सर्वांत जास्त प्रमाण गोव्यात निघालं होतं. देशाचं 11.4 टक्के, आपलं 26.4. माझ्या आईसारख्या आया घरोघरी आहेत.

मी लेखा विभागात काम करते, म्हणून आधी हिशेब मांडला. एक किलो चरबी म्हणजे ढोबळ मानानं 7,700 कॅलरी. सकाळी आमच्या गावच्या नागेशी देवळाच्या तळीपासून रामनाथीच्या देवळापर्यंत जाऊन-येऊन चालणं, दुपारी उकड्या तांदळाचा भात एक वाटी कमी, संध्याकाळचा सामोसा बंद, असं सगळं धरून रोजची तूट तीनशेच्या आसपास. महिन्याला नऊ हजार. म्हणजे सव्वा किलोसुद्धा नाही. तेही पहिल्या महिन्यात, कारण वजन उतरलं की शरीराचा रोजचा खर्चही कमी होतो आणि तूट आपोआप आकसते.

आता दुसरी बाजू बघा. माणसाचं वजन कुठलीही चरबी वाढली-घटली नाही तरी दोन दिवसांत किलो-दीड किलो वरखाली होतं. आदल्या रात्री लोणचं-पापड जास्त झालं, पाळीचे दिवस जवळ आले, पोट साफ झालं नाही, एवढी कारणं पुरतात. पिठूळ खाणं वाढलं की स्नायूंत आणि यकृतात ग्लायकोजन, म्हणजे साखरेचा साठा, जमतो, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी शरीरात राहतं. "पंधरा दिवसांत पाच किलो" म्हणून जे व्हिडिओ फिरतात त्यांतलं बरंचसं हेच पाणी असतं. भात-पाव एकदम तोडला की ते पटकन जातं, आणि पहिल्या सणाला परत येतं. थोडक्यात, महिन्याभरात खरी घट सव्वा किलो आणि रोजचा हेलकावा त्याहून मोठा. भरती-ओहोटी चालू असताना बेतीच्या धक्क्यावर एकदाच उभं राहून मांडवी पावसानं किती वाढली ते सांगा म्हटलं तर कोण सांगेल? पहिल्या महिन्यातल्या वजनकाट्याला आपण नेमकं तेच विचारत असतो.

हे मी जूनमध्येच वहीत लिहून ठेवलं होतं. वही अजून आहे. म्हणून कुणी "तुला आधी माहीत नव्हतं, म्हणून निराश झालीस" असं म्हटलं तर ते खरं नाही. मला माहीत होतं. आणि तरीही चतुर्थीला माझं जे झालं ते झालं.

आमच्या सासरचं मूळ घर बांदोड्यालाच, आमच्या घरापासून चार घरं पलीकडे. गणपती तिथे पाच दिवस. मुंबईची, बेळगावची, वास्कोची सगळी मंडळी येतात. मी चालते हे तोपर्यंत सगळ्यांना कळलं होतं. ते गावात लपत नाही, भर पावसात छत्री घेऊन बाई रस्त्यानं निघाली की चार खिडक्यांतून विचारणा होते. चतुर्थीच्या दिवशी मी नेवरी एकच घेतली. दुसऱ्या दिवशी पातोळ्या दोन घेतल्या आणि तिसरीला नको म्हटलं. कुणाला सांगून नव्हे, नुसता हात आडवा धरला. पण पंगतीत हात आडवा धरला की तो सगळ्यांना दिसतो.

जेवणं झाली. खतखतं, मुगागाठी, वडे, सोलकढी, सगळं झालं होतं. पुतण्यानं आतल्या खोलीतून वजनाचा इलेक्ट्रिक काटा आणून वसरीत मधोमध ठेवला आणि जाहीर केलं, सगळ्यांनी वजन करायचं. पोरांचा खेळ. आधी पोरं चढली, मग दीर, मग मुंबईचे भावोजी. आकडा मोठ्यानं वाचायचा आणि सगळ्यांनी हसायचं, असं चाललं होतं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. कुणीतरी म्हणालं, आता चालणाऱ्यांना बोलवा. मी नको म्हटलं. पुन्हा बोलावलं. तिथे हट्टानं नको म्हणत राहिले असते तर तेही तमाशासारखंच झालं असतं, म्हणून गेले.

84.9. जूनमध्ये मी 84.3 होते.

पुतण्यानं आकडा वाचला. आतेसासूबाई आरामखुर्चीत होत्या, त्या म्हणाल्या, "कांयच दिसना गो!" त्यांच्या आवाजात वाईट हेतू नव्हता, असलं तर थोडं आश्चर्य होतं. भावोजी म्हणाले, चालून भूक वाढत असेल. मग हसणं झालं. मी उतरले, पाट-ताटं उचलायला आत गेले. माझा नवरा खांबाला टेकून मोबाईल बघत होता. त्यानं मान वर केली नाही. त्याला ऐकू आलं होतं, कारण त्याचा अंगठा थांबला होता.

आत उभी राहून मी हिशेब केला. पोटात जेवण आहे, त्याचंच वजन अर्धा-पाऊण किलो. दोन दिवस गोडधोड आणि पिठाचं खाणं, म्हणजे ग्लायकोजन आणि पाणी. मीठ. काटा वेगळा, वेळ वेगळी, मी घरी उपाशीपोटी सकाळी वजन करते. एकेक मुद्दा बरोबर होता आणि मला त्यातल्या एकाचाही आधार वाटला नाही. मला आकडा लागला नव्हता. मला लागलं ते हे, की दोन दिवस पंगतीत मी जो हात आडवा धरला होता तो त्या आकड्यानं सगळ्यांसमोर सोंग ठरवला. अडीच महिने पहाटे उठून मी जे करत होते त्याचा कुणालाच पुरावा नव्हता. मलाही नव्हता. रात्री नवरा म्हणाला, "मस्करी होती ती, एवढं काय मनाला लावून घेतेस?" मी त्याच्याशी भांडले नाही. आजही त्या मस्करीबद्दल आमचं एकमत नाही.

दुसऱ्या दिवशी मी चालायला गेले नाही. त्याच्या पुढच्याही नाही. कुणी विचारलं तर पाऊस आहे म्हणून सांगत होते. पाऊस जूनमध्येही होता, तेव्हा मी देवळाच्या अग्रशाळेच्या, म्हणजे यात्रेकरूंच्या उतरायच्या इमारतीच्या, व्हरांड्यात फेऱ्या मारल्या होत्या. खरं सांगायचं तर मी सोडलं होतं. तुम्ही विचारता ना, सोडलं कसं नाहीस? सोडलं होतं.

विसर्जन झालं, पाहुणे गेले, आणि एका संध्याकाळी धाकटी जाऊ घरी आली. ती मूळ घरीच राहते, सासूबाईंबरोबर. म्हणाली, "वहिनी, उद्यापासून मी येऊ तुमच्याबरोबर? एकटी बाहेर पडले तर सकाळच्या वेळी कुठे निघालीस म्हणून विचारतील. तुमच्याबरोबर म्हटलं की कुणी काही बोलणार नाही."

तिनं माझी समजूत घातली नाही. वसरीतला प्रसंग तिनं पाहिला होता, पण त्याचा उल्लेखही केला नाही. तिला घराबाहेर पडायचं होतं आणि त्यासाठी मी हवी होते. मी उठले नाही तर तिची सकाळ जाणार होती. माझ्या वजनाचं काय व्हायचं ते होवो, हा प्रश्न वेगळा झाला. बस, एवढंच झालं. ह्याला मोटिवेशन म्हणायचं तर म्हणा, पण ते माझ्या आतून आलेलं नव्हतं, आणि ते आतून यायला हवं होतं असं जे सांगतात त्यांचं मला पटत नाही. आतून आलेलं जे होतं ते चतुर्थीला एका दुपारी संपलं.

ऑक्टोबरमध्ये पुन्हा रक्त तपासलं. तांबड्या पेशी साधारण 120 दिवस जगतात, म्हणून एचबीएवनसी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते. एका सणाच्या पंगतीनं ती फारशी हलत नाही. 5.9 आली. कंबर चार सेंटिमीटर कमी भरली. वजन मात्र जूनपेक्षा दोन किलोही खाली नव्हतं. डॉक्टरांनी मला अमेरिकेतल्या एका चाचणीबद्दल सांगितलं, 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या. मधुमेहाच्या उंबरठ्यावरची तीन हजारांवर माणसं होती. आठवड्याला दीडशे मिनिटं चालणं आणि वजनात सात टक्के घट, एवढंच ध्येय एका गटाला दिलं होतं. जवळजवळ तीन वर्षांत त्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण तुलनेच्या गटापेक्षा 58 टक्क्यांनी कमी राहिलं. मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं औषध दिलेल्या गटात 31 टक्क्यांनी. आणि चालणाऱ्यांचं वजन सरासरी किती उतरलं होतं? साडेपाच किलोंच्या आसपास. वसरीत उभं केलं असतं तर त्यांच्याकडेही बघून "कांयच दिसना" असंच म्हटलं गेलं असतं.

ह्यावर जूनमधली मी काय म्हणाली असती ते मला माहीत आहे. ती म्हणाली असती, वजन उतरत नाही म्हणून तू आता कंबर मोजतेस, रिपोर्ट दाखवतेस, मोजायची पट्टी बदलून स्वतःला पास करून घेतेस. मी तिला सांगते, मला भीती साखरेची होती, वजनाची नव्हती. पट्टी आधी चुकीची धरली होती, आता बरोबर धरली. ती विचारते, रिपोर्ट 6.3 च आला असता तर? आणि इथे मी गप्प होते. आला असता तर मी काय केलं असतं ते मी सांगू शकत नाही. जावेसाठी उठत राहिले असते असं मला वाटतं. पण वाटणं आणि खरं उठणं ह्यातलं अंतर चतुर्थीनंतरच्या त्या दिवसांत मी पाहिलेलं आहे.

पुढचं तुम्ही पाहिलंच आहे. हिवाळ्यापासून वजन उतरायला लागलं, आता 76 च्या आगेमागे आहे आणि गेले काही महिने तिथेच अडलं आहे. तुम्हाला उतरलेलं दिसतं, म्हणून तुम्ही मला विचारता. जत्रेत माझ्या हाताला धरून ज्या बाजूला घेतात आणि "सांग ना" म्हणतात, त्या माझ्याबरोबर उभ्या असलेल्या धाकट्या जावेला काही विचारत नाहीत.

ती त्याच रस्त्यानं, तेवढंच चालली आहे. भात तिनंही कमी केला. तिचं वजन दीड किलो उतरलं, एवढंच. थायरॉईड, साखर, सगळं तपासलं, सगळं ठीक आहे. काटा तिच्यासाठी हललाच नाही आणि ती अजून येते. मी तर चार महिन्यांनी एक चांगला रिपोर्ट मिळवला, मग उतरणारं वजन मिळालं, लोकांनी वळून पाहिलं. तिला ह्यातलं काहीच मिळालं नाही. हळू चाललेल्या कामात टिकायचं कसं हे खरोखर जाणून घ्यायचं असेल तर मला कशाला विचारता?

मी तिला विचारलं आहे. ती म्हणते, गुडघा आता जिन्यावर दुखत नाही, आणि सकाळचा तेवढा वेळ कुणी हाक मारत नाही. मी म्हटलं, एवढ्यावर वर्ष निघतं? ती म्हणाली, "तुम्हाला अजून काहीतरी कशाला हवं असतं, वहिनी?" मला हवं असतं. मी तिच्याशी ह्यावर रामनाथीपर्यंत वाद घातला आहे, तिला माझं पटलेलं नाही आणि मला तिचं. उद्या पुन्हा घालीन.