टॅगवर सही माझीच होती

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात सकाळी सातला फरसाणवाल्या शेठचा फोन, "अहो, तुमचा बाटला फेल गेला, पोरगं भाजलंय माझं, आधी इकडं या." चौदा वर्षं सांगली-मिरज भागात आग विझवायच्या बाटल्यांचं, म्हणजे फायर एक्स्टिंग्विशरचं, रिफिलिंग आणि तपासणीचं काम करतोय, असा फोन पहिलाच. गाडीत वजनकाटा टाकला आणि निघालो.

भट्टीखान्यात सगळीकडं तेल सांडलेलं. झालं असं की शेवेचा दुसरा घाणा काढून आचारी मामा पीठ आणायला आत गेले, बर्नर मोठाच राहिला आणि कढईतलं तेल पेटलं. भिंतीवर साडेचार किलोचा सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड गॅसचा बाटला होता तो हेल्परनं काढला, पिन ओढली आणि दोन फुटांवरून हॉर्न, म्हणजे गॅस बाहेर पडायचं भोंग्यासारखं तोंड, थेट कढईत धरला. त्या गॅसचा झोत एवढ्या जोराचा असतो की जाळ क्षणभर बसला, पण पेटतं तेल उडालं ते त्याच्या कोपरापर्यंत, आणि गॅस विरल्याबरोबर कढई पुन्हा भडकली. भडकणारच, सीओटूनं तेल थंड होत नाही आणि साडेतीनशे अंशांच्या आसपास गेलेल्या तेलाला पेटायला काडी लागत नाही. शेवटी मामांनी गॅसचा मेन कॉक बंद करून पत्र्याची मोठी परात कढईवर सरकवली, तेव्हा विझलं. त्या माणसाला मी मनापासून मानतो.

मी बाटला काट्यावर ठेवला. सीओटूला दाब दाखवणारा गेज नसतो, गॅस आहे की नाही ते वजनावरूनच कळतं, रिकामं वजन बाटल्यावर ठोकलेलं असतं. काटा बरोबर त्या आकड्यावर, म्हणजे सगळा गॅस बाहेर पडलेला. शेठना म्हटलं, बघा, फेल नाही गेला. आणि बोलता बोलता बाटल्याला बांधलेल्या तपासणीच्या टॅगवर नजर गेली. जुलैचा, फॉर्म बी, म्हणजे आग विझवायची साधनं चालू असल्याचा दाखला, दिला तेव्हाचा. माझी सही, पुढं 'ओके'.

हा बाटला मुळात बाहेरच्या इलेक्ट्रिक पॅनलसाठी घेतलेला, तिथं तो एकदम बरोबर, पॅनल-सर्व्हरला सीओटूच पाहिजे, मागं काही घाण राहत नाही. दुकानाचं काम काढलं तेव्हा कुणीतरी तो आत आणून लावला. जुलैत मी वजन केलं, सील बघितलं, हॉर्न पुसला आणि परत त्याच हुकाला अडकवला, कढईपासून तीन फुटांवर. एबीसी, म्हणजे नेहमीच्या आगींसाठीच्या कोरड्या पावडरचा बाटला काउंटरमागं होता, पण तोही तळणाला नाही चालत, जाळ दबतो, तेल गार होत नाही, परत पेटतं. तिथं पाहिजे के टाईप, वेट केमिकलचा. त्याच्यात पोटॅशियमच्या क्षारांचं पाणी असतं, लांब दांडीच्या नोझलनं हलका फवारा बसतो आणि तापल्या तेलावर साबणासारखा फेस धरतो, वरून झाकतो आणि गारही करतो. फार हुशारीनं बनवलेली चीज आहे ती. एबीसीपेक्षा बरीच महाग, म्हणून विकणारे नाव काढत नाहीत आणि घेणारे 'तपासणीत पास होतंय ना' एवढंच विचारतात. घरासाठी कुणी विचारलं तर मी दोन किलोचा आयएसआय मार्कवाला एबीसी सांगतो आणि तो स्वयंपाकघराच्या दाराजवळ लावा म्हणतो, शेगडीच्या वर नाही, जाळातून हात घालून कोण काढणार? पण घरातली कढई पेटली तर गॅस बंद आणि वर झाकण, पाणी अजिबात नाही.

हे सगळं मला जुलैतही माहीत होतं. आमच्याकडं चेकलिस्टमध्ये पिन, सील, वजन, पाइप, तारीख असतं, हा बाटला या जागेला योग्य आहे का अशी ओळच नाही. पण ओळ नाही म्हणून मला दिसलं नव्हतं असं नाही. त्या दिवशी अजून अकरा ठिकाणं उरकायची होती.

शेठनी के टाईप घेतला, सहा लिटरचा, भट्टीखान्याच्या दाराशी लावलाय, सीओटू भरून परत पॅनलजवळ. भाजलेलं हेल्पर पोरगं दीड महिन्यानं कामावर आलं, हाताची कातडी अजून गुलाबी आहे. मी त्याला नवा बाटला हातात देऊन किती लांब उभं राहायचं ते करून दाखवलं.

नंतर माझ्या यादीतली सगळी हॉटेलं आणि मिठाईवाले पुन्हा फिरलो, पैसे न घेता. चार ठिकाणी कढईशेजारी सीओटूच. तिघांनी बदलला. चौथे म्हणाले, "जुलैत तुम्हीच ओके लिहिलंय की." त्यांच्याकडं पुढच्या सोमवारी परत जातोय.