फुकटची टेस्ट आणि महागडी दुसरी रेघ

इंग्लंडच्या सरकारने जवळपास वर्षभर कोविडची घरगुती टेस्ट मागेल त्याला फुकट दिली आणि १ एप्रिल २०२२ ला दुकान बंद केलं. तारीख एप्रिल फूलची असली तरी गंमत नव्हती. भारतातले नातेवाईक अजूनही विचारतात, "तुमच्याकडे म्हणे सगळं फुकट मिळायचं?" मिळायचं. पण तसं मिळायला हवं होतं का आणि पुढेही चालू ठेवायला हवं होतं का, यावर आमच्या लेस्टरमध्ये चार देशी टाळकी जमली की आजही वाद रंगतो. तेव्हा एकदाचं माझं मत मांडून टाकते.

९ एप्रिल २०२१ पासून इंग्लंडमधल्या कुणालाही आठवड्यातून दोनदा टेस्ट करता येईल अशी सोय झाली. लक्षणं असोत नसोत, वेबसाइटवर नाव-पत्ता भरायचा की सात टेस्टचा खोका पोस्टाने दारात हजर. केमिस्टकडेही तोच मिळायचा. आत लांब काड्या, प्लास्टिकच्या नळ्या, द्रावणाच्या इवल्याशा पुड्या, सीलबंद पट्ट्या आणि वापरलेलं सगळं भरून टाकायला पिशव्या. सुरुवातीच्या किटची काडी आधी घशात टॉन्सिलवर फिरवायची आणि मग तीच नाकात. घशात गेली की उमासा यायचाच. मग काडी नळीत घोळवायची, पिळून काढायची, पट्टीवर दोन थेंब टाकायचे आणि अर्धा तास वाट बघायची. 'सी'समोर एकच रेघ आली तर ठीक, 'टी'समोर दुसरीही उमटली तर घरात बसा. नंतर नुसत्या नाकातून नमुना घ्यायच्या, पंधरा मिनिटांत निकाल देणाऱ्या किट आल्या, तेव्हा घराघरात सुटकेचा निःश्वास पडला असणार.

फुकट म्हटल्यावर जे होतं ते झालं. राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने जून २०२१ मध्ये हिशेब मांडला. तोवर इंग्लंडमध्ये ६९ कोटी १० लाख टेस्ट वाटल्या गेल्या होत्या आणि निकालाची नोंद झाली होती फक्त ९ कोटी ६० लाखांची. म्हणजे शंभरातल्या चौदा. बाकीच्या टेस्ट लोकांनी वापरून निकाल कळवलाच नाही, की कपाटात रचून ठेवल्या, कुणाला माहीत? दोन्ही झालं असणार. आमच्या ओळखीत असं घर सापडणं कठीण होतं, जिथे जिन्याखाली या खोक्यांची चळत नव्हती. आपल्या लोकांचा 'असू दे, लागेल कधीतरी' हा स्वभाव समुद्र ओलांडल्याने जात नाही. शाळकरी पोरांनी तर कहरच केला. पट्टीवर संत्र्याचा रस किंवा कोला टाकला तर खोटी दुसरी रेघ उमटते हा शोध त्यांनी लावला आणि शाळेला दांड्या मारल्या. करदात्याच्या पैशातून रसायनशास्त्राचं प्रात्यक्षिक!

त्यामुळे २१ फेब्रुवारी २०२२ ला पंतप्रधान बोरिस जॉन्सन संसदेत म्हणाले की टेस्ट आणि विलगीकरणाच्या कार्यक्रमावर त्या आर्थिक वर्षात १५.७ अब्ज पौंड गेले आणि एकट्या जानेवारीत २ अब्ज, तेव्हा निम्म्या देशाने मान डोलावली. मीसुद्धा. एवढा पैसा आणि दवाखान्यात ऑपरेशनच्या तारखा मिळायला महिनोन्‌महिने! एका पौंडाचा हिशेब विचारणं यात काही गैर नाही.

पण उधळपट्टी होत होती म्हणून वस्तूच फुकट नको, हा निष्कर्ष मला पटत नाही. आमच्या गल्लीत सुरतेकडचे एक भाई राहतात, तेव्हा ते एका गोदामात एजन्सीमार्फत रात्रपाळी करायचे. सात टेस्टचा खोका त्यांच्याकडेही यायचा, पण त्याचं सील ते फोडत नसत. मी सहज विचारलं, "भाई, टेस्ट करत नाही का?" ते हसून म्हणाले, "दो लकीर आई तो हफ्ता गया, दीदी." झाकली मूठ सव्वा लाखाची!

त्यांच्या बाजूने आकडे मांडून बघा. २०२१-२२ मध्ये २३ वर्षं आणि त्यावरच्यांसाठी किमान वेतन तासाला ८.९१ पौंड होतं. आठवड्याला चाळीस तास धरले तर ३५६ पौंड आणि वर काही पेन्स. आजारी पडलात तर कायद्याने मिळणारा सिक पे आठवड्याला ९६.३५ पौंड. तोही तुमची आठवड्याची कमाई सरासरी किमान १२० पौंड असेल तरच मिळायचा. त्याहून कमी असेल तर भोपळा. घरभाडं मात्र पूर्ण. गरिबांसाठी ५०० पौंडांची एक मदत होती, पण तिच्या अटी अशा की बऱ्याच जणांचे अर्ज फेटाळले जायचे. म्हणजे टेस्ट फुकट, पण तिच्यावरची दुसरी रेघ अडीचशेहून जास्त पौंडांची. माझी रेघ मात्र खरोखर फुकट होती. मी घरून लॅपटॉपवर काम करते, पगार पूर्ण आणि वर साहेबाचा "काळजी घे" असा मेसेज.

हे एका भाईंपुरतं नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये लिव्हरपूल शहरात, लक्षणं नसलेल्यांसह सगळ्यांना टेस्ट देण्याचा मोठा प्रयोग झाला. तिथल्या विद्यापीठाने त्याचा अभ्यास केला, तेव्हा गरीब वस्त्यांत टेस्टला येणाऱ्यांचं प्रमाण सर्वांत कमी आणि आलेल्यांत पॉझिटिव्ह निघण्याचं प्रमाण जास्त आढळलं. कारणांमध्ये एक मोठं कारण होतं, घरी बसावं लागलं तर उत्पन्न बुडण्याची भीती. आमच्या लेस्टरला हे त्याआधीच कळायला हवं होतं. २९ जून २०२० ला ब्रिटनमधला पहिला स्थानिक लॉकडाऊन जाहीर झाला तो आमच्याच शहरात. तेव्हा इथल्या कपड्यांच्या छोट्या कारखान्यांत किमान वेतनाच्या निम्म्यानेही कमी मजुरीवर लोक राबतात, याच्या बातम्या पानभर छापून आल्या. अशा माणसाच्या हातात फुकट किट ठेवून उपयोग काय?

तरीही टेस्ट फुकट असायला हवी असं मी म्हणते. भाईंनी सील न फोडण्यामागे टेस्टची किंमत नव्हती हे खरं. पण मोफत टेस्ट बंद झाल्यावर केमिस्टकडे एका टेस्टला साधारण दोन पौंड पडू लागले आणि चार माणसांच्या घरात एकाला खोकला झाला की आठ पौंड लागू लागले. तेही एकदाच करून भागत नाही, कारण पहिल्या दिवशी विषाणू कमी असला तर पट्टी त्याला अनेकदा चुकवते. परवा पुन्हा करावी लागते. मला आठ पौंड जड नाहीत, भाईंना आहेत. त्यात कळस म्हणजे २४ मार्च २०२२ पासून सिक पेचे पहिले तीन दिवस पुन्हा बिनपगारी झाले. आठवड्याभराच्या अंतराने दोन्ही हात काढून घेतले. टेस्टचे पैसे भरा, पॉझिटिव्ह आलात तर पगारही सोडा. यापेक्षा खोकत कामावर जाणं कुणाला सोपं वाटणार नाही?

स्कॉटलंड आणि वेल्सने तेव्हा जरा सबुरीने घेतलं. वेल्समध्ये लक्षणं असलेल्यांना जुलैअखेरपर्यंत टेस्ट मोफत मिळत राहिल्या. मला हा मार्ग शहाणपणाचा वाटतो. सरसकट सात-सात टेस्टचे खोके सोडू नका. लक्षणं असलेल्याला द्या, म्हाताऱ्या माणसांच्या केअर होममध्ये भेटायला जाणाऱ्याला द्या, हॉस्पिटलात काम करणाऱ्याला द्या. जर्मनीने तर हे दोन्हीकडून अनुभवलं. तिथे केंद्रावर जाऊन करायच्या मोफत टेस्ट ऑक्टोबर २०२१ मध्ये बंद केल्या, लोकांनी लस घ्यावी म्हणून. महिनाभरात रुग्ण वाढले आणि नोव्हेंबरच्या मध्यात पुन्हा चालू कराव्या लागल्या.

आपल्याकडचा अनुभव वेगळा होता हे मान्य. मे २०२१ मध्ये आयसीएमआरने मंजूर केलेली पहिली घरगुती टेस्ट पुण्याच्या मायलॅबची, कोविसेल्फ, किंमत २५० रुपये. ती लक्षणं असलेल्यांसाठी आणि रुग्णाच्या संपर्कात आलेल्यांसाठीच होती, निकालाचा फोटो ॲपवर टाकायचा होता. माझा पुण्यातला मावसभाऊ तेव्हा म्हणाला होता, "अडीचशे रुपये देऊन वाईट बातमी कोण विकत घेईल?" खरंच, मोलकरीण किंवा रिक्षावाला ती घेईल अशी अपेक्षा कुणी केली असेल? त्यांना सरकारी केंद्रावरची रांग होती, तीही दिवसाची मजुरी बुडवून.

इथल्या फुकटेपणालाही सीमा आहेत, हे तिकडच्या वाचकांच्या लक्षात येत नाही म्हणून सांगते. डॉक्टर फुकट, पण इंग्लंडमध्ये औषधाच्या प्रत्येक चिठ्ठीतल्या प्रत्येक औषधाला २०२२ मध्ये ९.३५ पौंड लागायचे. वेल्स, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडमध्ये शून्य. म्हणजे कशाला पैसे लावायचे हा प्रत्येक वेळी घेतलेला निर्णय असतो. आणि सरकार काही विषाणूंच्या बाबतीत आजही हात सैल सोडतं. एचआयव्हीची घरी करायची टेस्ट फेब्रुवारीतल्या राष्ट्रीय चाचणी सप्ताहात इंग्लंडमध्ये पोस्टाने मोफत मागवता येते. एचपीव्हीसाठी, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला कारणीभूत होणाऱ्या विषाणूसाठी, तपासणीला वर्षानुवर्षं न आलेल्या स्त्रियांना घरीच नमुना घ्यायचं किट देण्याचं सरकारने जून २०२५ मध्ये जाहीर केलं. त्या बायका का येत नाहीत? लाज, भीती, मुलं सांभाळायला कुणी नाही, कामावरून सुट्टी नाही. तिथे सरकारला अचूक कळलं की नुसतं 'या' म्हणून भागत नाही, वस्तू माणसाच्या दारात न्यावी लागते. आणि लवकर सापडलं तर उपचार स्वस्त पडतात, हेही कळलं.

कोविडच्या बाबतीत मात्र अर्धवट कळलेलं आहे. अवयव प्रत्यारोपण झालेले, कॅन्सरचे काही उपचार घेणारे अशा लोकांना विषाणूविरोधी गोळ्या पहिल्या पाच दिवसांत सुरू कराव्या लागतात. त्यांच्यासाठी नोव्हेंबर २०२३ पासून केमिस्टकडे टेस्ट मोफत मिळू लागल्या. उत्तम. पण त्या फक्त त्या रुग्णासाठी. भाईंच्या पत्नीचं मूत्रपिंड बदललेलं आहे, म्हणून त्यांना टेस्ट फुकट. गोदामातून रात्री घरी येणाऱ्या भाईंना मात्र विकत. विषाणू घरात आणणार कोण, तर भाई. मग पहिली टेस्ट कुणाच्या हातात असायला हवी? दोन पौंडांचा प्रश्न आहे. आणि पॉझिटिव्ह आली तर त्यांच्या पगाराचा.