हलकी बोल्ट-ॲक्शन रायफल: वजन किती घटलं यापेक्षा कुठून घटलं ते बघा

कॅटलॉगात छापलेलं वजन नुसत्या रायफलचं असतं. दुर्बीण नाही, रिंगा नाहीत, पट्टा नाही, काडतुसं नाहीत. खांद्यावर मात्र सगळा संसार चढतो. म्हणून पहिली बेरीज कागदावर करावी. रायफल २.५ किलो. एक इंच नळीची ३-९×४० दुर्बीण (३ ते ९ पट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग ४० मिमी) ३५० ते ४०० ग्रॅम. दुर्बीण धरणाऱ्या ॲल्युमिनियमच्या रिंगा आणि त्यांखालचा बेस मिळून ८०-९०. पट्टा १३०. .३०८ जातीचं एक काडतूस साधारण २४ ग्रॅमचं, म्हणजे चार काडतुसांचे शंभर. झाले ३.२ किलो. आता त्याच रायफलवर ३० मिमी नळीची ४-१६×५० दुर्बीण पोलादी रिंगांसकट चढवा. सव्वातीनशे ग्रॅम दुर्बिणीचे वाढले, शंभरेक रिंगांचे. टायटॅनियमच्या ॲक्शनसाठी (काडतूस नळीत ढकलून कोंडणारा बोल्ट आणि त्याला धरणारा सांगाडा) मोजलेले जादा पैसे दुर्बिणीनं खाल्ले.

नुसत्या रायफलचं वजन ३.१ ते ३.६ किलो असेल तर ती नेहमीची. २.५ ते २.९ म्हणजे हलकी, त्याखाली अतिहलकी. विंचेस्टर मॉडेल ७० फेदरवेट १९५२ साली आली तेव्हा तीन किलोच्या आसपासची ती रायफल ‘पिसासारखी’ मानली गेली. आज टिक्का टी३एक्स लाइट पावणेतीन-तीन किलोंच्या मधे कुठेतरी बसते आणि .३०८ मधली किंबर मोंटाना २.३ किलोच्या घरात. मला विचाराल तर जिच्यावर एकच रायफल म्हणून भिस्त ठेवायची ती २.६ ते २.८ किलोची असावी. त्याखाली जायला हरकत नाही, पण खालचा प्रत्येक शंभर ग्रॅम नेमाच्या वेळी व्याजासकट वसूल होतो.

पहिली वसुली धक्क्याची. १५० ग्रेनची गोळी (ग्रेन म्हणजे ग्रॅमचा साधारण पंधरावा भाग), ताशी नव्हे तर सेकंदाला ८५० मीटर वेग, साधारण ४६ ग्रेन दारू, असा .३०८ चा हिशेब मांडला तर ४ किलोच्या सजलेल्या रायफलमध्ये मागे येणारी ऊर्जा १८ ज्यूलच्या आसपास असते. ३.२ किलोवर ती २२ होते. त्याच ३.२ किलोत ६.५ क्रीडमूर हे काडतूस १४० ग्रेनच्या गोळीला १८ ज्यूल देते, म्हणजे जड .३०८ इतकाच धक्का. .२४३ तर १३-१४ वर थांबते. आणि .३०० विंचेस्टर मॅग्नम, म्हणजे जास्त दारूचं दांडगं काडतूस? ४० च्या पुढे. ही लाथ खाऊन कोणी दिवसात वीस गोळ्यांचा सराव करत नाही, आणि सराव नाही म्हटल्यावर चापावर झटका बसायला लागतो. हलक्या रायफलला ६.५ क्रीडमूर, ७ मिमी-०८ किंवा .३०८ हीच काडतुसं शोभतात. मॅग्नम हवंच असेल तर वजनाचा नाद सोडावा.

धक्का कमी करायला मझल ब्रेक (नळीच्या तोंडाला बसणारा, वायू बाजूला सोडणारा तुकडा) लावू, असं बरेच जण म्हणतात. ब्रेक धक्का खरोखर कमी करतो, पण रायफलचा बार मुळातच १६० डेसिबलच्या आसपास असतो आणि ब्रेक तो आवाज मागे, तुमच्याच कानाकडे वळवतो. शेजारी उभ्या असलेल्या माणसाचे हाल तर त्याहून जास्त. शिवाय पातळ नळीच्या तोंडाला आटे पाडले की भिंत आणखी पातळ होते. .३० कॅलिबरच्या काडीसारख्या नळीला आटे पाडायचा उद्योग करूच नये. सोपा इलाज दस्त्यात, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या भागात, आहे: वरची कड सरळ आणि उंच असलेला दस्ता धक्का थेट मागे नेतो, उतरत्या कडेचा दस्ता नळी वर उडवतो आणि गालावर मारतो. टोकाला मऊ, चांगल्या जाडीचं रबर हवं. दुर्बीण आणि डोळा यांत किमान ९० मिमी अंतर मिळालंच पाहिजे, नाहीतर चढावर वर नेम धरताना भुवई फुटते.

आता वजन कुठून काढायचं. सगळ्यात स्वस्तात ते दुर्बिणीतून निघतं, त्याखालोखाल दस्त्यातून. साच्यात ओतलेला प्लॅस्टिकचा दस्ता किलोभर भरतो, चांगला कार्बन फायबरचा ५५० ते ७५० ग्रॅम. ॲक्शनमधली बचत त्यापुढची. टायटॅनियमची घनता ४.५, पोलादाची ७.८५, त्यामुळे फरक पडतो, पण किंमतही तशीच पडते. बोल्टवर पन्हळी खोदून वाचतात ते ग्रॅम मोजण्याच्या लायकीचे नसतात. दिसायला छान, मळ साठायला त्याहून छान. आखूड ॲक्शनचं काडतूस घेतलं की रायफल आपोआप हलकी होते हाही सरसकट नियम नाही. टिक्का टी३एक्सची ॲक्शन सगळ्या काडतुसांना एकाच लांबीची असते, तिथे .३०८ घ्या की .३०-०६, ॲक्शनच्या वजनात काही वाचत नाही. किंबरमध्ये मात्र ८४एम आखूड आणि ८४एल लांब, खरोखर वेगळ्या.

नळीला हात शेवटी लावावा. बारीक नळीचं तोंड १४.५ मिमी व्यासाचं धरा. तिचे शेवटचे दोन इंच कापले तर वाचतात जेमतेम ४७ ग्रॅम, म्हणजे .३०८ ची दोन काडतुसं. बदल्यात इंचामागे सेकंदाला ६ ते ९ मीटर वेग जातो, आवाज वाढतो आणि रायफलचं तोंड हलकं होतं. २२ इंचांवर मी समाधानी असेन. २० इंच दाट झाडीत सोयीचे, पण ते लांबीसाठी घ्यावेत, वजनासाठी नव्हे. कार्बन गुंडाळलेल्या नळीबद्दलही एक गैरसमज आहे. ती तेवढ्याच जाडीच्या पोलादी नळीपेक्षा हलकी असते. काडीसारख्या पोलादी नळीपेक्षा हलकी असेलच असं नाही, बहुधा नसतेच.

तोंड हलकं झालं की काय होतं ते हातात घेतल्यावर कळतं. रायफलला दुर्बीण लावा, मॅगझिन भरल्याइतकं वजन धरून डमी (दारू नसलेली) काडतुसं घाला आणि खालून एका बोटावर तोला. तोल मॅगझिनच्या पुढच्या कडेपाशी, ॲक्शन दस्त्याला बांधणाऱ्या पुढच्या स्क्रूच्या आसपास यायला हवा. तो मागे, चापाच्या कडीकडे सरकला असेल तर उभ्यानं नेम धरताना नळीचं टोक वाऱ्यावरच्या काडीसारखं भिरभिरतं. हलका दस्ता आणि मध्यम नळी ही जोडी म्हणूनच चांगली, आणि बारीक नळीवर जड दुर्बीण ही सगळ्यात वाईट.

चापाचंही तेच गणित. अडीच किलोच्या रायफलचा चाप ओढायला अडीच किलो जोर लागत असेल तर बोट रायफलच हलवतं. १.१ ते १.४ किलो ठीक. ९०० ग्रॅमच्या खाली नेऊ नये. थंडीत हातमोजा घातलेल्या बोटाला तेवढं कळत नाही. चाप बदलला किंवा हलका केला की रिकाम्या रायफलची सेफ्टी तपासायची: बोल्ट जोरात लावा, सेफ्टी चढवा, चाप ओढा, सोडा, सेफ्टी उतरवा. काडतुसावर आपटणारी पिन सुटली तर ती रायफल कारागिराकडे जाईल, जंगलात नाही.

मॅगझिनमध्ये तळ बंद असलेली पेटी सगळ्यात हलकी, पण रिकामी करताना एकेक काडतूस बोल्टनं बाहेर काढावं लागतं. अशा रायफलला तीन टप्प्यांची सेफ्टी हवी, म्हणजे मधल्या टप्प्यावर पिन अडकलेली राहते आणि बोल्ट मात्र चालतो. सुटं मॅगझिन सोयीचं, पण ते हरवतं. दुसरं बरोबरच घेऊन ठेवा.

दुकानात बघायचं ते एवढं. आधी रायफल रिकामी आहे हे डोळ्यांनी आणि बोटानं पाहा. मग दस्त्याचा पुढचा भाग नळीकडे दाबा. पोकळ प्लॅस्टिक सहज वाकून नळीला टेकत असेल तर टेकूवर ठेवल्यावरही ते टेकणार, आणि दर वेळी वेगळ्या जोरानं. कागदाची पट्टी नळीखालून ॲक्शनपर्यंत सरकवा, अडता कामा नये. अपवाद एक: काही बारीक नळ्यांना कारखान्यातच दस्त्याच्या टोकाशी मुद्दाम आधार दिलेला असतो आणि त्या तशाच बऱ्या मारतात. तो उंचवटा दिसला म्हणून घासून टाकू नका, आधी मारून बघा. शेवटी डमी काडतुसं सावकाश आणि झपाट्यानं, दोन्ही तऱ्हेनं चढवा. बोल्ट पुरता मागे न नेता पुढे ढकलण्याची चूक घाईत होतेच. जिथे बोल्ट काडतुसाची कड धरत नाही, नुसतं ढकलतो, तिथे मग एक काडतूस नळीत आणि दुसरं त्याच्या बुडाला भिडलेलं, असा अडथळा होतो. मॉझरसारखा नखवाला बोल्ट काडतूस मॅगझिनमधून निघतानाच धरतो, त्यामुळे अर्धवट ओढण्यातली ही अडचण तिथे बरीच टळते.

नवी रायफल भरकटते तेव्हा बहुतेक वेळा दोष नळीचा नसतो. मॅगझिनची पत्र्याची पेटी ॲक्शन आणि खालच्या पट्टीच्या मधे चेपली गेली, तर स्क्रू आवळताना ॲक्शन धनुष्यासारखी वाकते. पेटी किंचित, अर्धा-एक मिलिमीटर हलली पाहिजे. तपासायचं कसं? रायफल उभी धरा, एक बोट नळी आणि दस्त्याच्या फटीवर ठेवा, पुढचा स्क्रू सैल करा. फटीत हालचाल जाणवली तर बसवणीत ताण आहे. इपॉक्सीनं बेडिंग करून, म्हणजे ॲक्शनची दस्त्यातली बैठक भरून, घ्यावी लागेल. हलक्या ॲक्शनला हा ताण जास्त बाधतो कारण तिच्यात वाकायला विरोध करणारं पोलादच कमी. दुसरा चोर म्हणजे पुढच्या बेसचा लांब स्क्रू: तो बोल्टच्या लगला (बोल्ट जागी अडकवणाऱ्या पुढच्या दाताला) घासतो किंवा नळीच्या आट्यांवर टेकतो, वरून मात्र घट्ट बसल्यासारखा वाटतो. बेसचे स्क्रू बसवल्यावर बोल्ट पूर्वीइतकाच मोकळा फिरतो का ते बघा.

आवळण्याचा अंदाज हातावर ठेवू नये. रिंगांचे स्क्रू १.७ ते २ न्यूटन-मीटर. ॲक्शनचे स्क्रू साध्या प्लॅस्टिक दस्त्यात ४ ते ५, स्क्रूभोवती दस्त्यात ॲल्युमिनियमचे खांब असतील तर ७ पर्यंत. कंपनीनं वेगळा आकडा दिला असेल तर तोच प्रमाण.

मैदानावर हलकी रायफल जड रायफलसारखी वागवली की लोक तिला नावं ठेवतात. जड रायफल वाळूच्या पिशवीवर मोकळी ठेवून मारता येते, ही नाही. गोळी नळीतून बाहेर पडेपर्यंत ती जड रायफलपेक्षा जास्त मागे सरकलेली असते, त्यामुळे पकड दर वेळी बदलली की गोळ्या उभ्या रेषेत पसरतात. पिशवी पुढच्या ॲक्शन स्क्रूच्या जवळ, दस्त्याखाली ठेवा. नळीखाली कधीच नाही. पुढचा हात पिशवीमागे दस्त्यावर, दर वेळी तितक्याच जोरानं. खांद्यात घट्ट घ्या. तीन गोळ्या झाल्या की बोल्ट उघडा ठेवून दहा मिनिटं थांबा. चौथी-पाचवी गोळी गरम बारीक नळीतून भलतीकडे गेली तर तो रायफलचा गुन्हा नव्हे.

१०० मीटरवर एक मिनिटाचा कोन (अंशाचा साठावा भाग) म्हणजे २९ मिमी. दीड मिनिटात मारणारी हलकी रायफल २५० मीटरवर ११ सेंटिमीटरच्या वर्तुळात मारते, आणि हरणाच्या छातीतला मर्माचा भाग २० सेंटिमीटरच्या आसपास असतो. तीन गोळ्यांचा सुंदर पुंजका बघून हुरळू नका. त्याऐवजी एकच कागद जपून ठेवा आणि पाच वेगवेगळ्या दिवशी, थंड नळीतून, रोज एकच गोळी त्यावर मारा. पहिल्या दिवशी नळीत तेल राहिलं असेल तर ती गोळी वेगळी जाईल, म्हणून आधी कोरड्या चिंधीनं नळी पुसा. पाचही भोकं तळहाताखाली झाकली जात असतील तर दुर्बिणीच्या नेम जुळवायच्या चकत्यांना पुन्हा हात लावू नका.