एका भांड्यात सगळ्यांचं सूत

बऱ्याच खंडानंतर कताई-रंगाईच्या बैठकांना परत जायला लागलो, त्याची ही नोंद. आधी कताईचं सांगतो, कारण रंगाईत जे दिसलं त्याची मुळं तिथेच निघाली.

मधल्या काळात घरी अधूनमधून लोकर कातत होतो, त्यामुळे हात अगदीच गेला नव्हता. पण लोकरीवर टिकलेला हात कापसाच्या फारसा कामाचा नाही. लोकरीचा तंतू लांब आणि कुरळा, तो एकमेकांत अडकून राहतो, ओढ देताना थोडं इकडेतिकडे झालेलं खपवून घेतो. कापसाचा तंतू जेमतेम अडीच-तीन सेंटिमीटर. पीळ पोचायच्या आत ओढलं की धागा तुटलाच. म्हणून कापसाची टकळी लटकती न ठेवता वाटीत टेकवून फिरवायची, म्हणजे कोवळ्या धाग्यावर तिचं वजन येत नाही.

माझ्या धाग्यात जाड-बारीक फार येत होतं. शेजारी कातणाऱ्या मैत्रिणीने थोडा वेळ बघितलं आणि म्हणाली, ‘‘जाड आलं की थांबतोस कशाला? अजून ओढ की.’’ गंमत अशी की पीळ आधी बारीक जागी जाऊन बसतो आणि जाड जागा सैल राहते. त्या वेळी पेळू (पिंजलेल्या कापसाची वळी) थोडा मागे खेचला, की जाड भागातले तंतू सरकतात, तो भाग बारीक होतो आणि मग तिथेही पीळ शिरतो. शेवटी गुंडाळण्याआधी वरून थोडा जास्तीचा पीळ द्यायचा. हे वाचलेलं होतं, पण किती पीळ भरल्यावर मागे खेचायचं हे दुसऱ्याचा हात शेजारी चालताना बघूनच कळलं. आता धागा बऱ्यापैकी एकसारखा येतोय, फक्त पेळूच्या टोकाला अजून गाठाळतो.

आता रंग. यावेळी मंजिष्ठा, म्हणजे लाल रंग देणारी मुळी, होती. प्रत्येकाने आपापल्या सुताच्या छोट्या लड्या आणल्या आणि सगळ्या एकत्रच चालवल्या: धुण्याच्या सोड्यात उकळणं, हिरड्याचं पाणी, मग तुरटी (सुताने रंग धरावा म्हणून), मग सुताच्या कोरड्या वजनाइतकी मंजिष्ठा. भांड्याला उकळी फुटू दिली नाही, नाहीतर लालात तपकिरी घुसते. सगळं सारखं, वेळही सारखा. तरी वाळल्यावर लड्या शेजारी मांडल्या तर विटकरीपासून फिक्या गेरूपर्यंत सगळ्या छटा!

भांडं एकच, तेव्हा फरक सुताचाच. माझी लड फिकी निघाली. तिची दोन टोकं मोकळी करून पाहिली तर बाहेरून लाल, आत जवळजवळ पांढरं. एकेरी सुताला भरलेला पीळ इतका कडक होता की रंग गाभ्यापर्यंत पोचलाच नव्हता. सैल कातलेल्या लडीत तो आरपार होता. आणखी एक लड ठिपक्याठिपक्यांची आली. ते सूत पाण्यावर बराच वेळ तरंगत होतं, म्हणजे कापसाचं मेण पुरतं निघालेलं नव्हतं. सूत पाण्यात टाकल्याबरोबर बुडलं तरच पुढे जावं, ही तपासणी मी तरी आता सोडणार नाही.

घरी एकटा रंगवत असतो तर फिक्या रंगाचा दोष मंजिष्ठेला किंवा पाण्याला देऊन मोकळा झालो असतो. मला बैठकीचा खरा उपयोग हाच वाटतो. गप्पा आणि हुरूप असतोच, पण तुलनेला दुसऱ्याची लड हाताशी असते.

काही लड्या हिराकसाच्या (लोहाच्या क्षाराच्या) पाण्यात बुडवल्या. हिरड्यावर लोह आलं की रंग काळपट जांभळ्याकडे झुकतो. मात्र किती घालायचं यावर वाद झाला. सुताच्या वजनाच्या दोन टक्क्यांवर जाऊ नये असं माझं मत, कारण जास्त लोहाने धागा पुढे कमकुवत होतो आणि लोकर तर खरखरीतच होते. दुसऱ्या बाजूला गडद रंगाचा मोह होता. मोह जिंकला.

निळीचं भांडं फक्त बघून ठेवलं. प्रमाण नेहमीचं, १ भाग नीळ, २ भाग चुना, ३ भाग फळसाखर (फ्रुक्टोज). वर तांबूस तवंग आणि निळा फेस होता, खालचं पाणी पिवळसर हिरवं. म्हणजे नीळ विरघळून तयार होती. कापसाला ते चालतं, पण चुन्याचा इतका जोर लोकरीला सोसत नाही, म्हणून माझ्या लोकरीच्या लड्या बाजूलाच राहिल्या.

पुढच्या बैठकीसाठी एकाच कापसाचं सूत तीन पिळांचं कातायला घेतलंय: सैल, मध्यम आणि कडक. प्रत्येकाची अर्धी लड एकेरीच रंगवायची आणि उरलेली आधी दुपदरी वळून. दुपदरी वळताना पीळ उलट्या दिशेने जातो आणि धागा थोडा मोकळा होतो, तेव्हा कडक सूतही तसं जास्त रंग घेईल असा माझा अंदाज आहे. लडीला नावाची चिठ्ठी नको, धाग्याच्या गाठी बांधा. मागच्या चिठ्ठ्यांवरची शाई मंजिष्ठेत धुऊन गेली आणि दोन लड्यांचे मालक अजून ठरलेले नाहीत.