तुम्ही विचारलंत म्हणून: चाकं कुठली लावू?

रविवारी सकाळी मैदानावर विमान काढलं की पाच मिनिटांत कुणीतरी येऊन उभं राहतं. लहान मुलं विचारतात, किती उंच जातं. मोठी माणसं विचारतात, केवढ्याला पडलं. आणि ज्याने नुकतंच स्वतःचं रिमोटचं विमान बांधायला घेतलंय, तो मोटर, बॅटरी, सर्व्हो (शेपटी-पंखांवरच्या झडपा हलवणारी छोटी मोटर) सगळं विचारून झाल्यावर निघता निघता म्हणतो, "काका, चाकं कुठली लावू?"

मी उलट विचारतो, "उडवणार कुठे?"

पहिल्या वर्षी मलाही हे कुणी विचारलं नव्हतं. माझं विमान सनपॅक शीटचं (बोर्ड बनवतात ती पोकळ प्लास्टिकची शीट), बॅटरीसकट साधारण ९०० ग्रॅमचं. त्याला मी खेळण्यातल्या ट्रकची रबरी चाकं लावली. काय रुबाब होता! पण विमान दोन पावलं जायचं नि टुणकन उसळायचं, उतरताना तर बेडकासारखं. शेवटी चाकं काढून ओळखीच्या सोनाराच्या काट्यावर ठेवली. जोडी ५८ ग्रॅम. तेवढ्याच व्यासाची फोमची जोडी भरली १६ ग्रॅम. म्हणजे ४२ ग्रॅम फुकट. माझी बॅटरी १८० ग्रॅमची आहे, त्यावरून हिशोब करा. आठ मिनिटांच्या उड्डाणात चाकांचं काम सुरुवातीला नि शेवटी दहा-दहा सेकंद, बाकी सगळा वेळ ती नुसती लटकलेली. शिवाय जड चाक दणक्यात, ज्या तारेवर ते बसतं ती खालची तार मागे वाकवतं, आणि तार जिथे बसवलीय तिथली शीट फाडतं. तो दुरुस्तीचा कार्यक्रम मी दोनदा केलाय.

तर वजनात फोम. मापाचं मात्र जमिनीला विचारायचं. डांबरी किंवा सिमेंटची जागा मिळत असेल तर ५० मिलिमीटरचं चाक पुष्कळ झालं (आणि तुम्ही नशीबवान आहात). मुरमाच्या मैदानाला ६० लागतं. गवतावर ७५ च्या खाली जाऊ नका. लहान चाक गवतात रुततं, विमान नाकावर जातं आणि प्रॉप, म्हणजे पुढचा पंखा, तुटतो. काळ्या मातीच्या रानात एप्रिलमध्ये भेगा पडतात, तिथे कुठलंच चाक कामाचं नाही. श्रावणात गवत गुडघ्याला लागलं की मी चाकं सरळ काढून ठेवतो, विमान हाताने फेकतो आणि पोटावर उतरवतो.

विकतची फोमची चाकं महाग वाटत असतील तर जुनी स्लिपर बघा. मऊ, हलका तळवा हवा, जाड रबराचा नको. होल सॉने (ड्रिलला लावायची गोल करवत) दोन चकत्या कापायच्या. मधल्या भोकात जुन्या ट्रान्झिस्टरच्या एरियलची नळी कापून बसवायची. त्या एरियलमध्ये एकात एक सरकणाऱ्या चार-पाच मापांच्या पितळी नळ्या असतात, तुमच्या तारेवर सैलसर फिरेल ती निवडा. दोन्ही बाजूंना जुन्या एटीएम कार्डाच्या चकत्या चिकटवायच्या, म्हणजे नळी डुगडुगत नाही. मग चाक बोल्टवर घट्ट धरून ड्रिल मशीनला लावायचं आणि फिरत्या कडेला पॉलिश पेपर टेकवायचा. घरभर निळा भुसा होतो, पण चाक गोल होतं. भुसा नाकात जातो, तोंडाला रुमाल बांधा. थ्रीडी प्रिंटरवर चाकं काढून आणणारेही आता भेटतात. पीएलएचं (प्रिंटरचं नेहमीचं प्लास्टिक) चाक उन्हात बंद गाडीत ठेवलंत तर संध्याकाळी ते अंडाकृती मिळेल एवढंच सांगतो.

देखभाल म्हणाल तर निम्मं काम चिमट्याचं. दिवाळीच्या सुमारास कुसळं ॲक्सलभोवती अशी गुंडाळली जातात की चाक फिरायचंच थांबतं. मग जमिनीवर धावताना विमान त्या बाजूला ओढतं आणि माणूस उगाच रडर (शेपटीचं सुकाणू) ट्रिम करत बसतो. सराटे फोममध्ये रुततात. काढले नाहीत तर विमान घरी उचलून ठेवताना ते तुमच्याच तळहातात घुसतात. तेल घालायचंच असेल तर शिलाई मशीनचं एक थेंब, तेही लगेच पुसून. ओलं राहिलं की धूळ चिकटते नि तारच झिजते.

चाक तारेवर धरून ठेवते ती कॉलर. तिचा बारीकसा ग्रब स्क्रू (डोकं नसलेला) गोल तारेवर कितीही आवळा, थरथरीने सुटतोच. माझी डावी कॉलर हवेत सुटली आणि चाक शेजारच्या उसात गेलं. ते आजतागायत सापडलेलं नाही. विमान एका चाकावर उतरलं, गर्रकन फिरलं, पंखाचं टोक घासलं. तेव्हापासून कानशीने तारेवर एक सपाट खाच करतो, स्क्रू बरोबर त्या खाचेवर आणि त्याला थेंबभर निळं थ्रेडलॉकर (स्क्रू सुटू न देणारा डिंक). कॉलर नि चाक यांच्यामध्ये जाड पोस्टकार्डाएवढी फट राहू द्या. घट्ट बसवली की ब्रेक लागलाच म्हणून समजा.

घरी विमान चाकांवर उभं ठेवू नका. दोन महिन्यांत फोमला खालून सपाट डाग पडतो आणि धावपट्टीवर टपटपटप ऐकू येतं. माझं भिंतीवर दोन खुंट्यांना टांगलेलं असतं.

गेल्या रविवारी हे सगळं ऐकून एक मुलगा म्हणाला, "काका, पण स्लिपर कुठल्या मापाची?" त्याच्या बाबांनी आधी स्वतःच्या पायांकडे बघितलं.