तिरक्या इमारतीतले अंतर

सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या कार्यालयात सध्या एका निवासी इमारतीचे मॉडेल तपासणे चालू आहे. प्लॉट रस्त्याला धरून असल्यामुळे ही इमारत उत्तर दिशेशी ३० अंशांनी वळलेली आहे. ऑटोडेस्कच्या नेव्हिसवर्क्समध्ये, म्हणजे इमारतीची संगणकावरची त्रिमितीय मॉडेल्स एकत्र करून तपासण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये, मोजमाप करताना हा कोन नेमका आडवा येतो.

पॅसेजच्या समोरासमोरच्या दोन भिंतींमधले अंतर मी एक्स अक्षाला लॉक करून, म्हणजे मोजणी फक्त त्याच दिशेला बांधून, मोजले, तेव्हा पडद्यावर २५९८ मिलीमीटर आले आणि नकाशात मात्र ३००० लिहिलेले होते. भिंत चुकली असे समजून मी वास्तुविशारदांना पत्र लिहायला घेतलेही होते. सुदैवाने चहा आला. एक्स, वाय आणि झेड हे लॉक जगाच्या, म्हणजे मॉडेलच्या अवकाशातल्या ठरलेल्या, अक्षांवर चालतात, इमारतीच्या नव्हे, त्यामुळे मला मिळालेला आकडा म्हणजे ३००० गुणिले ३० अंशांची कोसाइन एवढाच होता, आणि त्याच तिरक्या अंतराचा वाय अक्षावरचा भाग १५०० मिलीमीटर होता, तो मोजलाच गेला नव्हता.

अशा वेळी ‘पी’ ही कळ दाबून लंब लॉक लावावा. पहिला बिंदू ज्या पृष्ठभागावर टेकवतो, त्याच्या लंबदिशेनेच मोजणी होते, म्हणून समोरच्या भिंतीवरचा दुसरा बिंदू थोडा सरकला तरी ३००० हाच आकडा येतो. भिंतीच्या कडेने मोजायचे असल्यास समांतर लॉक आहे. मॉडेलच फिरवून सरळ करण्याचा मोह मात्र टाळावा, कारण मग प्लंबिंगची आणि स्ट्रक्चरची फाइल त्याच्याशी जुळत नाही.