कापलेला अर्धा गुण

श्रवणचाचणीच्या उत्तरपत्रिका परत दिल्या, त्याच दुपारी एक विद्यार्थिनी आपली पत्रिका घेऊन ध्वनिप्रयोगशाळेत आली. तिचे भांडण एका अर्ध्या गुणासाठी होते. चाचणीत इंग्रजी मातृभाषा असलेल्या व्यक्तीच्या आवाजातील सुटे शब्द ऐकवले होते आणि प्रत्येक शब्दाच्या आरंभीच्या व्यंजनाचे वर्णन लिहायचे होते. कचरापेटीसाठीचा 'बिन' हा शब्द ऐकून तिने 'अघोष, द्व्योष्ठ्य, स्फोटक' (म्हणजे स्वरतंतूंच्या कंपाविना, दोन्ही ओठ मिटून, कोंडलेली हवा एकदम सोडून काढलेला) असे लिहिले होते, आणि टाचणीसाठीच्या 'पिन' या शब्दापुढेही तेच लिहून कडेला बारीक अक्षरात 'महाप्राण', म्हणजे श्वासाच्या झोतासह, असे जोडले होते. 'बिन'मधील 'अघोष' या शब्दावर माझी लाल रेघ होती. बकार घोष असतो, हे वर्णमाला शिकलेल्या मुलीला सांगावे लागावे, याचे मला वाईटच वाटले होते.

इंग्रजी व्यंजने शिकवताना मराठी विद्यार्थ्यांपुढे माझे काम सोपे असते. हवा कोठे अडते, कशी अडते आणि त्या वेळी स्वरतंतू कंप पावतात की नाही, या तीन प्रश्नांची उत्तरे दिली की इंग्रजीतील चोवीसही व्यंजने आपापल्या घरात बसतात. त्यांतील पहिला आणि तिसरा प्रश्न आपल्या वर्णमालेने फार पूर्वीच सोडवलेला आहे. कवर्गापासून पवर्गाकडे येताना जीभ मृदू टाळूपासून पुढे सरकत शेवटी काम ओठांवर सोपवते. आणि प्रत्येक वर्गात आधी दोन अघोष, मग दोन घोष आणि शेवटी अनुनासिक, हा क्रम ठरलेला असतो. खरे कष्ट पडतात ते घर्षकांना, म्हणजे अरुंद फटीतून हवा घासत काढायच्या ध्वनींना. इंग्रजीत ते नऊ आहेत, आणि त्यांपैकी जिभेचे टोक दातांशी ठेवून हवा घासत सोडण्याचे दोन आपण सर्रास 'थ' आणि 'द' करून टाकतो, म्हणजे जेथे फट ठेवायची तेथे दार लावून घेतो. स्फोटकांचे सहा ध्वनी मात्र मी पहिल्याच तासाला उरकत असे. त्यांत शिकवण्यासारखे काही उरलेलेच नाही, अशी माझी समजूत होती.

"मॅडम, मला खरोखरच ब ऐकू आला नाही," ती म्हणाली. मग थोडे थांबून तिने दुसरी अडचण सांगितली. शिक्षण सांभाळून ती दूरध्वनीवर परदेशी ग्राहकांशी बोलण्याचे काम करीत होती, आणि नावांची अक्षरे सांगताना तिने 'पी' म्हटले की पलीकडचा माणूस हटकून 'बी' लिहून घेत असे. "मी जोर देऊन म्हणते, तरी बीच."

माझे निदान तत्काळ तयार होते: ही मुलगी नकळत पकाराला घोष करीत असणार. मी तिला गळ्याच्या घाटीवर दोन बोटे ठेवून ओठ उघडेपर्यंतचा भाग सावकाश म्हणायला लावला. बोटांना काहीही जाणवले नाही. मी स्वतः तिच्या गळ्याला हात लावून पाहिला. तेथे थरथर नव्हती. तिचा प अगदी शुद्ध, अघोष आणि अल्पप्राण, म्हणजे श्वासाच्या झोताविना, होता, 'पान'मधला असतो तसा. मग मी कागदाची एक अरुंद पट्टी फाडून तिच्या ओठांसमोर धरली. तिने 'पिन' म्हटले, पट्टी जागची हलली नाही. तीच पट्टी ध्वनिक्षेपकासमोर धरून भागणार नव्हते, म्हणून चाचणीचे ध्वनिमुद्रण संगणकावर उघडले.

पडद्यावर दिसले ते असे. मूळ वक्त्याच्या 'पिन'मध्ये ओठ सुटल्याचा एक टोकदार ठिपका होता, त्यानंतर सुमारे ६० मिलिसेकंद नुसत्या श्वासाची अनियमित, केसाळ रेघ होती आणि मग स्वराच्या एकसारख्या लाटा सुरू होत होत्या. 'बिन'मध्ये तसाच ठिपका होता आणि जवळजवळ लगेच लाटा. परंतु ठिपक्याच्या आधी, म्हणजे ओठ मिटलेले असताना, जेथे घोषाची बारीक लाट असायला हवी, तेथे रेघ सपाट होती. मी ती मोठी करून पाहिली, ध्वनीची पातळी वाढवून पाहिली. सपाटच.

"मग यात ब कुठे आहे?" तिने विचारले.

तुलनेसाठी मी तिच्याकडून 'बाग' म्हणवून घेतले. तिच्या बकारात ओठ सुटण्याच्या सुमारे ९० मिलिसेकंद आधीपासून लाटा सुरू झाल्या होत्या. मिटलेल्या ओठांआड घोष चालू ठेवणे तसे कष्टाचे असते, कारण हवा बाहेर पडत नसल्याने तोंडातला दाब वाढत जातो आणि स्वरतंतूंमधून वर येणारा प्रवाह मंदावून कंप थांबू पाहतो. मराठी माणूस ते कष्ट घेतो, कारण त्याला प, फ, ब, भ असे चार ध्वनी वेगळे ठेवायचे असतात. इंग्रजीला एका जागी दोनच सांभाळायचे असल्याने शब्दारंभी तिने सरहद्द भलतीकडेच आखली आहे: ओठ सुटल्यावर श्वासाचा झोत आला तर पी, नाही आला तर बी. दोन स्वरांच्या मध्ये आलेला इंग्रजी बकार घोषच असतो. शब्दाच्या तोंडाशी मात्र त्याचा घोष पुष्कळदा नावापुरता उरतो. म्हणूनच काही ध्वनिशास्त्रज्ञ या दोन गटांना घोष-अघोष न म्हणता शिथिल आणि दृढ म्हणणे पसंत करतात.

हे मला माहीत नव्हते असे नाही. ओठ किंवा जीभ सुटण्याचा क्षण आणि घोष सुरू होण्याचा क्षण यांमधील अंतर मोजण्याची रीत ली लिस्कर आणि आर्थर अब्रॅमसन या ध्वनिशास्त्रज्ञांनी १९६४ साली अकरा भाषांवर वापरून दाखवली, आणि त्या अकरांत मराठीही होती, हे मी दर वर्षी अभिमानाने सांगत असे. ती मोजमापे माझ्या टिपणांत एका पानावर होती आणि व्यंजनांचा तक्ता दुसऱ्या पानावर. ती दोन पाने मी कधी शेजारी ठेवली नव्हती, एवढेच.

खात्रीसाठी आणखी एक प्रयोग केला. मुद्रणात 'स्पिन' हा शब्द होता. इंग्रजीत सकारानंतरच्या पकाराला श्वासाचा झोत नसतो, कारण स्वरतंतू सकारासाठीच पुरेसे दूर होऊन गेलेले असतात आणि ओठ सुटेपर्यंत पुन्हा जवळ आलेले असतात. मी संगणकावर सकाराचा भाग निवडून पुसून टाकला आणि उरलेला तुकडा ऐकवला. तिने 'पिन' लिहिले. मलाही 'पिन'च ऐकू आले. शेजारच्या खोलीत इंग्रजी मातृभाषा असलेले एक सहकारी होते. काहीही न सांगता त्यांना बोलावून तोच तुकडा ऐकवला. त्यांनी निःशंकपणे कचरापेटीचा 'बिन' लिहिला आणि हा शब्द ऐकायला आपल्याला मुद्दाम का बोलावले, असे विचारले.

दूरध्वनीचे कोडे येथेच सुटले. तिचा निर्दोष मराठी प हा त्या ग्राहकांच्या कानात थेट बीच्या घरात जाऊन पडत होता, आणि 'जोर देऊन' म्हणण्याने आवाज वाढला तरी श्वास वाढत नव्हता.

उपाय मात्र वाटला तितका सरळ निघाला नाही. ककारासाठी 'ख' म्हण, असे सांगताच तिला जमले. टकारासाठी 'ठ' म्हणताना जीभ मागे वळू न देता वरच्या दातांमागच्या उंचवट्यावर टेकवावी लागली. तेही दहा-बारा प्रयत्नांत आले. अडले ते 'फ'वर. आपल्यापैकी अनेकांच्या तोंडी आता 'फ' म्हणजे खालचा ओठ वरच्या दातांना लावून घासत काढलेला ध्वनी झाला आहे. वर्णमालेतला जुना, दोन्ही ओठ मिटून स्फोट करणारा 'फ' तिने बहुधा कधी उच्चारलाच नव्हता. मी 'फ म्हण' म्हटले की ती 'फिन' म्हणे, आणि त्याचा अर्थ इंग्रजीत माशाचा पर असा होतो. शेवटी अक्षराचे नाव घेणेच सोडून दिले. ओठ मिट, हवा कोंडू दे, मेणबत्ती विझवायची आहे असे समजून ओठ सोड आणि त्या फुंकरीच्या शेपटाला स्वर जोड, असे सांगितले. कागदाची पट्टी पहिल्यांदा फडफडली तेव्हा ती इतकी दचकली की पुढचा स्वर म्हणायचाच राहून गेला.

त्याच सहकाऱ्यांना पाठमोरे बसवून तिने पी आणि बी ही अक्षरे उलटसुलट वीस वेळा म्हटली. तिच्या आधीच्या सवयीने म्हटलेल्या पहिल्या फेरीत त्यांनी जवळजवळ सगळीकडे बी लिहिला होता. या फेरीत तीन चुका झाल्या, आणि त्या तिन्ही ती घाईत असतानाच्या होत्या.

ती निघाल्यावर मी तिची पत्रिका पुन्हा हाती घेतली. 'बिन'चा अर्धा गुण परत दिला. खाली 'डेन' या शब्दाच्या डकाराच्या जागीही तिने 'अघोष' लिहिले होते आणि तेथेही माझी रेघ होती. त्याचे मुद्रण उघडून पाहिले आणि तोही अर्धा गुण दिला. मग उरलेला गठ्ठा पुढे ओढला. बाकीच्या सगळ्यांनी दोन्ही ठिकाणी 'घोष' लिहून पूर्ण गुण मिळवले होते. त्यांनी मुद्रण ऐकून तसे लिहिले होते की माझा तक्ता आठवून, हे पत्रिकेवरून कळण्याचा काही मार्ग नव्हता. त्यांचे गुण मी होते तसेच ठेवले.